मुकादमांचा कामचुकार खुबा

मुकादमांच्या डाव्या खुब्याचा सांधा झिजला होता. वाकलं की कळ थेट मांडीत. त्यामुळे रोज सकाळी ते खुर्चीत राजासारखे बसत आणि बायको त्यांच्या डाव्या पायात मोजा चढवी. तोंडाचा पट्टा चालूच.

"पोरांचेसुद्धा एवढे लाड केले नाहीत मी."

आणि आता ती बहिणीकडे राहायला निघाली होती.

"मग मोज्याचं काय?"

"शेजारच्या क्रेनवाल्या भाऊजींना सांगते. उचलायची सवय आहे त्यांना."

मुकादमांचा आणि क्रेनवाल्याचा छत्तीसचा आकडा. त्याच्या मांडीवर पाय ठेवायचा? त्यापेक्षा पायच नको.

मुकादम तडक फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. बाईंनी व्यायाम शिकवला. उताणं पडायचं, टाच सरकवत गुडघा पोटाकडे आणायचा, सावकाश परत न्यायचा. मुकादम घरी घाम गाळू लागले. पलंग कुरकुरे, ते कुरकुरत नसत. तरी मोजा काही चढेना. मग बायकोला घेऊन ते पुन्हा बाईंकडे गेले.

"करून दाखवा बघू," बाई म्हणाल्या.

मुकादमांनी उजवा पाय झोकात ओढून दाखवला.

"आता डावा."

"तो कशाला? त्याला जमत नाही."

"म्हणजे घरी फक्त उजवाच?"

"बाई, जन्मभर माणसं राबवली मी. ज्याला येतं त्याच्याकडून काम घ्यायचं. कामचुकाराला सावलीत बसवायचं, नाहीतर सगळं रखडतं."

"अहो, दुखणं डाव्याला आणि पैलवान केलात उजवा!"

बायको इतकी हसली की स्टुलावरून घसरली.

मेहनत कमी नव्हती, भलत्या जागी होती. मुकादमांनी डाव्याला कामाला जुंपलं. तो थरथरला, अर्ध्यात अडला.

"ओढ! फुकट पोसलाय तुला!"

"शिव्या नकोत," बाई म्हणाल्या. "जेवढा येतो तेवढाच आणा. श्वास सोडा."

बायको निघायच्या सकाळी दारात गाडी उभी होती आणि मुकादम मोज्याशी झटत होते. तिचा हात पुढे आला.

"हात लावू नकोस!"

गाडीवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मुकादम लालबुंद झाले. शेवटी मोजा चढला.

"अहो, मोज्याची टाच वर आलीय."

"येऊ दे. बूट घातल्यावर कोण बघतंय? तू नीघ."

ती दाराशी पोचली तोच मागून आवाज आला, "अगं, जाता जाता क्रेनवाल्याला सांग, मोजा मीच घातला."