दानशूरांची चिक्कू बायको

गल्ली त्यांना दानशूर म्हणायची ती काही उगीच नाही. रंगांचं दुकान त्यांचं, त्यामुळे नाव रंगवायला खर्च शून्य. बसथांब्यावरचं बाकडं बघा, वाचनालयातलं घड्याळ बघा, जिथे तिथे नाव ठसठशीत. शाळेला पंखा दिला तेव्हा तर तिन्ही पात्यांवर. फिरता पंखा कोण वाचणार? म्हणून भाषणं संपेपर्यंत पंखा बंद ठेवायला लावला. पोरं बिचारी घामाने निथळली!

दुकान चालवायची मात्र त्यांची बायको, काकू. रंग कालवून नेमकी छटा काढण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. पण तिचं नाव साध्या डबड्यावरही नव्हतं. तिला कोणी काही विचारायचंच नाही.

त्या काकूच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. तिची ताई याच दुखण्याने गेली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर खाटेपाशी आली.

"काकू, गाठ तपासून झाली की उरलेला तुकडा आणि थोडं रक्त संशोधनासाठी ठेवू का? नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही."

"घ्या की!" दानशूर ताडकन उठले. "पाटी कुठे लावणार?"

"पाटी नसते काका. नमुन्यावर फक्त नंबर. कोणाचा आहे ते संशोधकांनाही कळत नाही."

"मग काय उपयोग? नको, नको."

"मी काकूंना विचारलंय," सिस्टर शांतपणे म्हणाली.

दानशूरांचं तोंड एवढंसं झालं. चहा प्यायला म्हणून तरातरा बाहेर गेले.

"याने मी बरी होईन?" काकूने विचारलं.

खोटं बोलेल तर ती सिस्टर कसली! "बहुतेक नाही. पुढेमागे दुसऱ्या कुणा बाईला उपयोग होईल."

काकूला ताई आठवली आणि डोळे भरून आले. "घ्या," ती म्हणाली. "पण यांच्या कानावर जाता कामा नये हं."

"कुणाच्याच नाही जाणार."

दानशूर परतले. "नको म्हणून सांगितलंस ना?" उत्तराची वाट बघण्याची सवय नव्हतीच, त्यांनी आपलं नकार धरून टाकला.

ऑपरेशन पार पडलं. घरी भेटायला माणसं येऊ लागली, तसा दानशूरांना कंठ फुटला.

"मी तर म्हटलं होतं, द्या! संशोधनाला नको का हातभार? पण हिची दानतच नाही."

"अगं, काढून टाकलेलीच ना ती गाठ?" शेजारीण काकूवर करवादली. "तेवढीही देववली नाही तुला?"

शब्द काकूच्या अगदी ओठांवर आले. पण बोलली असती, तर संध्याकाळपर्यंत ते दान नवऱ्याचं झालं असतं.

"नाही बाई सुटत माझा हात," ती म्हणाली. हसण्याने टाके ओढले जाऊ लागले, तशी तिने उशी छातीशी घट्ट धरली.

"दुखतंय का गं?" दानशूरांनी विचारलं.

"छे," काकू म्हणाली. "बोला तुम्ही."