सव्यापसव्य

गोपालकृष्णराव स्वस्थ बसलेले कुंभकोणमच्या त्या गल्लीत कुणी पाहिलेले नाहीत. वीज मंडळातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पायाला भिंगरी ती भिंगरीच. पेपर वाचता वाचता उठून टपटपणारा नळ घट्ट करतील, जेवता जेवता पंख्याची कुरकुर ऐकून स्टूल शोधतील. धड चालणारी वस्तू दिसली की यांना करमत नाही, असं मीनाक्षीबाई म्हणतात, आणि नवऱ्याबद्दल उगाच काही बोलणाऱ्यांतल्या त्या नाहीत.

त्या शुक्रवारी त्यांच्या तावडीत त्यांची स्वतःची जुनी पांढरी गाडी सापडली होती. मागच्या दोन्ही दारांना गंज धरला म्हणून त्यांनी ती घरीच उतरवली, खरवडली, रंगवली आणि परत बसवली. राहिल्या होत्या फक्त बिजागरीच्या स्प्रिंगा. वस्तू बोटाएवढी, पण उघडलेलं दार धरून ठेवायचं काम तिचं. ती नसली की दार उतरणाऱ्याच्याच अंगावर येतं. मीनाक्षीबाईंच्या नडगीवर त्याची निळी खूण अजून होती. उजव्या दाराची स्प्रिंग पहिल्याच झटक्यात बसली. डाव्या दाराची मात्र काही केल्या बसेना.

आणि डाव्या बाजूला बसणार होती वाणी. लेकीला पाचवा महिना लागला होता. गेल्या वर्षी याच सुमाराला तिचं पहिलं पोटातच गेलं, तेव्हापासून या घरात कुणी मोठ्यानं आनंद करत नव्हतं. आज तिला तिरुक्करुगावूरच्या गर्भरक्षांबिकेला नेऊन तिथलं सुखप्रसूतीचं एरंडेल आणायचं ठरलं होतं. राहुकाळ साडेदहाला लागायचा, त्याआधी उंबरा ओलांडायला हवा होता. जावई शशांक चेन्नैहून टॅक्सी पाठवतो म्हणाला, ते रावांनी उडवून लावलं. पोरीला परक्याच्या गाडीत बसवायला त्यांचं मन घेत नव्हतं. गाडी आपली हवी, चालवणारे आपण हवे, आणि दार जागचं हलता कामा नये.

रावांनी स्प्रिंगचं एक टोक बिजागरीत अडकवलं, दुसरं पकडीत धरून पिळलं, खुंटीपर्यंत आणलं आणि ती सुटली. अंगणातल्या कोलमच्या रांगोळीवरून टणटणत तुळशीच्या कुंडीवर आपटली. पुन्हा पिळली, पुन्हा सुटली. राव म्हणाले रंगाचा थर जाड झालाय. मग पकड ढिली ठरली. शेवटी सकाळच्या कॉफीवर आलं, ती पाणचट होती म्हणे, हातात जोर येणार कुठून. नाचता येईना अंगण वाकडं, असं मीनाक्षीबाई स्वयंपाकघरात पुटपुटल्या आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "बेगीन करा. राहुकाळ लागतो आहे."

आता पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या या मराठी घरची एक गंमत सांगायला हवी. इथं स्क्रू उजवीकडे-डावीकडे फिरत नाही. प्रदक्षिणेसारखा फिरून घट्ट होतो तो सव्य, उलटा फिरून सैल होतो तो अपसव्य. रावांच्या वडिलांनी मुलांच्या हाती पाना दिला तेव्हा हे शब्दही दिले. बाहेर मेकॅनिकशी तमिळमध्ये काय हवं ते बोला, घरात हेच चालतं. एरवी राव दिवसातून दहादा अपसव्य म्हणत आणि त्यांना काही वाटत नसे. पण शब्द मूळचा पितरांचा. श्राद्धाला जानवं उजव्या खांद्यावर घेतात, ते अपसव्य. आज लेकीच्या दाराशी उभं असताना तो शब्द त्यांच्या जिभेवर येईना, आणि जे जिभेवर येईना ते हातातही येईना. डावं दार म्हणजे उजव्याचं आरशातलं रूप, तिथं पीळ उलटाच द्यावा लागणार, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? कळत होतं, पण वळत नव्हतं. ते आपले सव्यच पिळत होते.

वाणी साडी नेसून, मोगरा माळून बाहेर आली. लहानपणी अप्पांसाठी बॅटरी धरून उभी राहणारी मुलगी ती, तिला एका नजरेत चूक दिसली. उलटं का पिळत नाही, असं तिनं विचारलं. राव तिला ऊन लागेल म्हणून आत जायला सांगू लागले. ती हलेना. तेव्हा त्यांनी पकड खाली ठेवली.

"आज तो शब्द नक्को, वाणी," ते म्हणाले. "मला भय वाटतं."

वाणीनं पकड उचलून परत त्यांच्या हातात दिली. मग म्हणाली, "अप्पा, त्या बाळासाठी कुणीच अपसव्य केलं नाही."

खरं होतं ते. जे जन्मलंच नाही त्याला श्राद्ध नाही, तीळ नाही, पाणी नाही, असं गुरुजींनी सांगितलं होतं. ते उत्तर घेऊन घरी आलेले राव थेट गच्चीवर चढले आणि टाकीचा पत्रा अंधार पडेपर्यंत ठोकत बसले. लोक म्हणाले, बघा, आजसुद्धा याला चैन नाही.

"मी खाली अंथरुणात पडून अस्कं, एकेक ठोका, ऐकत होतें," वाणी म्हणाली. "आता करा. मग सव्य करा, म्हणजे झालं."

 रावांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, स्प्रिंग उचलली आणि उलटी पिळली. ती खट् करून खुंटीवर बसली. दार उघडलं ते उघडंच राहिलं, वाणीनं ढकलून पाहिलं तरी अंगावर आलं नाही. रावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात तेलकट असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. वाणीनं पदरानं पुसलं, आणि त्यांचं जानवं स्वतःच्या हातानं डाव्या खांद्यावर आणलं.

एवढ्यात राहुकाळ लागलाच. तो बारापर्यंत, आणि नंतर देऊळ बंद. चारनंतर निघू, असं मीनाक्षीबाईंनी ठरवून टाकलं आणि त्या कुकर लावायला आत गेल्या. राव पायरीवर लेकीशेजारी बसले. गल्लीतून जाणाऱ्या दोघांतिघांनी वळून पाहिलं.

आत नळ टपटपायला लागला. वाणीनं अप्पांकडे पाहिलं. ते उठले नाहीत.