राठोडबाई आणि गुडघेदुखीची पुडी

राठोडबाई कुणालाही भेटल्या की आधी चेहरा निरखायच्या, मग मनगटावरची कातडी, आणि मगच ख्यालीखुशाली विचारायच्या. आम्हा विद्यार्थ्यांना ते अवघड वाटे. पण स्टेरॉइड संप्रेरकांच्या संशोधनात त्यांची हयात गेली होती. त्यांची नजरच तशी झाली होती.

निवृत्त झाल्यावर बाई महागावजवळच्या बंजारा तांड्यावर आईकडे राहायला आल्या. मी पुसदला कॉलेजात शिकवत असल्यानं जाणं-येणं होतं. म्हातारीचे गुडघे बाजारातल्या पुडीनं बरे झाले, तब्येतही भरली, असं नातेवाईक कौतुकानं सांगत. बाईंनी आईचा गोल चेहरा पाहिला, हातावरचे काळेनिळे डाग पाहिले आणि पुडी तपासायला पाठवली. तिच्यात स्टेरॉइड निघालं.

ते ऐकताच म्हातारीनं कुणाला न विचारता उरलेल्या पुड्या चुलीत टाकल्या. दोन-तीन दिवसांत तिला उलट्या सुरू झाल्या, उठवेना. पुसदच्या दवाखान्यात तेच संप्रेरक सुईतून दिलं, तेव्हा ती वाचली.

मग बाई तांड्यावर घरोघर फिरल्या. मी सोबत होते. पुड्या फेकायला निघालेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "तुमीच जहर म्हनता, अन् तुमीच एकदम सोडू नका म्हनता?"

बाई त्याच्या ओट्यावर बसल्या. "भाऊ, हे आपल्या अंगातबी बनते. बाहेरून माल येऊन राह्यला, म्हनून अंगातला कारखाना बंद पडला. त्याले सुरू व्हाले टाइम लागते. डॉक्टरकडे चाला, हळूहळू कमी करू."

पुडी घेणारी माणसं त्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेली. काही आली नाहीत.

आईचं औषध सुटायला कित्येक महिने लागले. चेहऱ्याची सूज उतरली आणि गुडघे पुन्हा धरले. शेतात जाणारी म्हातारी खाटेवर बसली. एकदा माझ्यासमोर ती गोरबोलीत, तांड्याच्या भाषेत, हळूच काही म्हणाली. बाईंनी मला अर्थ सांगितला, "पुडी मागतेय. म्हणते, थोडं जगले तरी चालेल, पण मला चालत जगू दे."

बाईंनी पुडी दिली नाही. समजावलंही नाही. उठून तेल कोमट करून आणलं आणि आईचे गुडघे चोळत बसल्या.

म्हातारी पुढे दोन वर्षं जगली. त्या काळात बाईंनी व्याख्यानांची निमंत्रणं नाकारली. संध्याकाळी त्या आईला खांद्याचा आधार देऊन शेताच्या बांधापर्यंत नेत. अंतर थोडंसंच, पण दोघी थांबत थांबत जात. प्रयोगशाळेत क्षणाचाही उशीर खपवून न घेणाऱ्या बाई तिथे निवांत उभ्या राहत, आई स्वतःहून परत फिरू म्हणेपर्यंत.