किडका तुकडा

खुशालरावांचा रुमाल बघूनच मला किळस आली. अंगणात खुर्ची टाकून बसले होते, नाकाला रुमाल, गालात तंबाखूचा खर्रा. रुमाल बाजूला करायचा, भिंतीच्या कडेला पिचकारी मारायची आणि रुमाल पुन्हा नाकाला. मी अकोल्याच्या दवाखान्यातली सिस्टर, घरी जाऊन पेशंटची जखम बघणारी. मला म्हणाले, वहिनीचा वास सहन होत नाही, घरात लेकरं आहेत, म्हणून तिला शेडात ठेवलं. ठेवलं म्हणे, कांद्याची पोती ठेवतात तसं. त्यांच्यामागची भिंत कंबरेपर्यंत लाल झाली होती, तिचा वास मात्र त्यांना येत नव्हता.

वहिनी म्हणजे पार्बताबाई. बार्शीटाकळीच्या बाजारात तीस वर्षं भाजी विकलेली बाई. नवरा गेल्यावर अर्ध्या एकरात वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक आणि उन्हाळ्यात टरबुजं लावून हिनं लेकाला, गोपालला वाढवलं, त्याचं लग्न केलं. या दिराच्या घरीसुद्धा कधी भाजी विकत येऊ दिली नाही. तिचं नाक बाजारात सगळ्यांना माहीत होतं. पालकाच्या जुडीत मधलं एक पान सडलेलं असलं तर ती जुडी न सोडता सांगायची. अशा बाईला स्वतःच्या छातीतून कसला वास येतो ते कळत नसेल, असं घरच्यांना वाटत होतं की काय, कोण जाणे.

शेड टिनाचं. आत ठिबकच्या गुंडाळलेल्या नळ्या, फवारणीचा पंप आणि एक खाट. सून आरती ताट उंबऱ्याशी ठेवायची आणि मागे सरायची. ताट वेगळं, गिलास वेगळा, कारण हा रोग हवेतून लागतो असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी तिला बजावलं, कॅन्सर असा लागत नाही, सासूच्या ताटात जेवलीस तरी लागत नाही. तिनं मान हलवली आणि पदर नाकाला लावला.

डाव्या छातीवर गाठ फुटून जखम झाली होती. तिच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी. ती घरचे रोज कोरडीच ओढून काढायचे. कोरडी ओढली की मांस सोलून निघतं, रक्त येतं, आणि त्यावर हे हळद दाबायचे. मला त्या घरातल्या एकेकाचा संताप आला. मी पाणी उकळवलं, मीठ टाकलं, थंड होऊ दिलं आणि चिंधी भिजवत भिजवत पंधरा मिनिटांत सोडवली. मग डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटल्या, ती पूड जखमेवर भुरभुरली, वर व्हॅसलीनची जाळी आणि स्वच्छ पट्टी. वास असतो जखमेतल्या जंतूंचा. रोज नीट केलं तर आठवड्याभरात तो जातो. हे मी गोपालला शिकवलं, पट्टी सोडून पुन्हा त्याच्याच हातानं बांधून घेतली. त्याला ओकारी आली. म्हटलं, ओकून ये, हात धू आणि पुन्हा बस.

पार्बताबाईनं मला एकच गोष्ट विचारली.

"वास गेला तं मले चुलीपाशी बसू देतीन काय?"

बरी होईन का, हे तिनं विचारलं नाही. बरी ती होणार नव्हतीच. सात महिन्यांपूर्वी ती दवाखान्यात आली तेव्हा गाठ लिंबाएवढी होती, हाताला लागायची पण दुखत नव्हती. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, कोणत्या जातीचा आहे, त्याला कोणतं औषध चालेल, यातलं काहीच खात्रीनं सांगता येत नाही. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण तेव्हा ऑपरेशन करता आलं असतं. रिपोर्ट न्यायला कोणी आलं नाही आणि कार्डावरचा फोन लागेना.

गेल्या महिन्यात गोपाल आला तो मलम मागायला, आईची गाठ फुटली म्हणून. मी खणातून रिपोर्ट काढला आणि चार माणसांसमोर त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, तुकडा तर काढला होता ना, मग अजून काय राहिलं होतं? मी त्याला मूर्ख म्हटलं. पार्बताबाईला पुन्हा आणून तपासलं, तोवर रोग यकृतात पोचला होता.

शेडात पट्टी आवरताना माझं तेच चालू होतं. रिपोर्ट का नेला नाही, एवढं साधं कसं कळलं नाही? पार्बताबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"काहून नेवाचा? वांग्यातला किडका तुकडा काढला का वांगं चांगलं रायते. तुमीच म्हटलं ना, तुकडा काढला, झालं आता, जा. म्हून तं मी तुमाले वांगे आणून देल्ले."

माझे हात थांबले. वांगी मला आठवली. काउंटरवर ही गर्दी होती. एक बाई कापडी पिशवी पुढे करून सांगत होती की आता बरं वाटून राहिलं. मी बरं बरं म्हटलं आणि पिशवी टेबलाखाली सरकवली. तिचा रिपोर्ट त्याच टेबलाच्या खणात होता. ती कोण, कशासाठी आली, काही विचारलं नाही. शनिवारी अमरावतीला आईकडे ती वांगी नेली, भरीत केलं आणि दोनदा वाढून घेतलं. खुशालरावांच्या पिचकारीची आली नव्हती एवढी किळस मला माझ्या जिभेची आली. आठवड्यातून पन्नास जणांना मी तेच म्हणते. तुकडा काढला, झालं आता, जा. आठ दिवसांनी या, हेसुद्धा म्हणते, पण ते पुढच्या पेशंटकडे बघत.

आठ दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा अंगणात रुमाल नव्हता. वहिनी आता चांगली दिसते, असं खुशालराव मला सांगत होते, जणू पट्ट्या त्यांनीच बांधल्या. शेडातली खाट घरात आली होती. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या, ती वेळेवर घेत होती. पार्बताबाई चुलीपाशी पाटावर बसून वांगी चिरत होती. आरती शेजारी भाकरी थापत होती आणि पदर डोक्यावर होता, नाकावर नव्हता.

मी पट्टी पाहिली. गोपालनं नीट बांधली होती. निघताना पार्बताबाईनं विचारलं, मग तो तुकडा कशाला काढला होता? मी खाली बसले आणि सांगितलं. शेवईएवढा तुकडा होता, गाठीत काय आहे ते बघण्यापुरता. बाकीची गाठ तिथंच होती.

तिनं विळी बाजूला केली.

"म्हंजे टरबूज लाल हाये का नाई, ते पाहाले फोड काढतो, तसं?"

"तसंच," मी म्हटलं.

"मंग तसं सांगाचं ना, बाई. फोड काढून ठेवल्यावर ते पाहाले मी आली नसती काय?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. टोपलीतली चार वांगी हातानं चाचपून, वास घेऊन तिनं निवडली आणि माझ्या पिशवीत टाकली. भरीत करजा म्हणाली. मला नाही म्हणता आलं नाही.