मर्सीची फुलं

"अगं, पण ती मर्सी आपली कुणीच लागत नाही!" माझा नवरा एव्हरेट ओरडला. "आपली खरी आजी ती टॅम्सिन. यंदा थंडीने लायलॅकची फुलं मोजकीच आलीत, ती उद्या तिच्या थडग्यावर जाऊ देत."

"मग चाळीस वर्षं मी फुलं कुणाला वाहिली रे? तुझ्या ट्रॅक्टरला?" माझी नणंद लुएला म्हणाली.

लुएलाने लग्न केलं नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या गावातल्या थडग्यांची चौकशी हाच तिचा संसार. आमचा मूळपुरुष जोशुआ विंगेट इंग्लंडहून आला. त्याच्या पहिल्या बायकोचे, मर्सीचे, आपण वंशज, असंच सगळे धरून चालले होते. काल लुएलाने मर्सीच्या थडग्याच्या झिजलेल्या दगडावर आरशाने ऊन तिरपं पाडलं, तेव्हा तळाची ओळ उमटली: 'कुशीत एकुलतं बाळ.' म्हणजे मर्सीचं एकुलतं बाळ तिच्याबरोबरच पुरलं गेलं; आम्ही दुसऱ्या बायकोचे, टॅम्सिनचे.

"टॅम्सिनला आपण सगळे आहोत, एव्ह," लुएला हळूच म्हणाली. "मर्सीच्या मागे कोण आहे?"

मी ओव्हनमधून बीन्सचं भांडं काढलं.

"उद्या सगळी फुलं मर्सीला," लुएलाने सांगून टाकलं. "गाडी तू काढायचीस."