मामांची उरलेली पेटी

सकाळी मामीचा फोन आला. "तुझे मामा गेले गं," ती म्हणाली, आणि लगेच, "आता त्या पेटीला कोण हात लावायचं?" माणूस गेल्याच्या बातमीत पेटी कुठून आली, असं कुणालाही वाटेल. मला नाही वाटलं. शहरात, छावणी भागातल्या माझ्या स्वयंपाकघरात तव्यावरची पोळी करपून गेली.

दगडूमामा करमाडजवळचे, पिढीजात मेंढपाळ. मेंढरं विकल्यावर त्यांनी डाळिंबाच्या बागांत ठेवायला मधमाश्यांच्या पेट्या घेतल्या. गावानं टिंगल केली, त्यात मीही होते. "मामा, आता माश्यांची लोकर कातरणार का?" ते हसायचे. माश्यांनाही ते मेंढरांसारखं जितराबच म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात एका पेटीतल्या अळ्या मरायला लागल्या. मामांनी एक अळी काडीनं उचलून माझ्या तळहातावर ठेवली. पाण्यानं भरलेली इवलीशी पिशवी... आत काही उरलंच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. मामांना मात्र दया आली. या माश्या अशक्त झाल्यात, पिल्लांना भरवायला पुऱ्या पडत नाहीत, असं त्यांनी ठरवलं आणि पिल्लांची फ्रेम, म्हणजे पोळ्याची लाकडी चौकट, काढून शेजारच्या धडधाकट पेटीत ठेवली. "मेंढी आटली तर कोकरू दुसरीखाली धरतोच की. असंच मरू द्यायचं व्हय?"

तो विषाणू होता. पेट्या तपासायला आलेल्या माणसानं सांगितलं, यावर औषध नाही, आणि फ्रेमबरोबर रोगही फिरतो. तोवर मामांनी चांगल्या चांगल्या पेट्यांना एकेक आजारी फ्रेम देऊन टाकली होती. उन्हाळ्यात एकच पेटी उरली. बांधावरची, तिला फ्रेम द्यायची राहून गेली होती म्हणून.

त्यानंतर मामा स्वतःच्या हातांना भ्यायला लागले. "उघडून बघू या का?" मी विचारलं.

"नगं, पोरी. लई भ्या वाटतं. झाकलेली हाय तवर जित्ती हाय."

एवढा धिप्पाड माणूस घाबरलेला पाहून मीच जास्त घाबरले. त्या पेटीपासून थोडं लांब, लिंबाखाली बसल्या जागी त्यांचं हृदय थांबलं.

तेरावं झाल्यावर मामी म्हणाली, "तूच उघड. माझ्यानं व्हत नाय." मी झाकण उचललं. आत माश्या होत्या, भरपूर. अळ्या पांढऱ्याशुभ्र, आपापल्या घरात वेटोळं करून पडलेल्या. माझ्या जिवात जीव येतोय तोच एक माशी एका घरातून काहीतरी ओढताना दिसली... तीच पिशवी. माशीनं ती फरफटत कडेपर्यंत नेली आणि खाली ढकलून दिली. मागून दुसरी आली, तिच्याही तोंडात तेच. रोग इथंही पोचला होता. माश्या आपलीच आजारी पिल्लं बाहेर फेकत होत्या, आणि म्हणूनच ही पेटी जगली होती. मला तिथं उभं राहवेना.

"हायत का गं जित्त्या?" मामीनं लांबूनच विचारलं.

"हायत," म्हणून मी झाकण लावलं. मामा असते तर त्यांनी खाली बसून एकेक पिल्लू उचललं असतं, आणि परत आत ठेवलं असतं.