मोहाच्या दिवसातली शाई

आठवडी बाजारात मोहफुलं विकणारी ती बाई मला दर निवडणुकीला विचारायची, "गुरुजी, मोह पडाच्या दिसातच मतदान काऊन ठेवता जी? पेटी झाडाखाली आना न!" बोलता बोलता ती मधेच थांबून कान द्यायची, जणू दूर कुठं फूल पडलं.

एका वर्षी तिच्याच गावी माझी ड्युटी लागली. आमच्या नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी तीनलाच संपतं. पेटीला लाख लावून झाली, तेव्हा ती भरली टोपली घेऊन जंगलातून आली. मी नकारार्थी मान हलवली. तिनं बोट पुढं केलं.

"शाई तं लावा. आली होती मी, एवढं तं दिसन."

मी लावली.

मोह सरला, पालवी फुटली. बाजारात मला पाहिलं की ती ते बोट वर करायची, आणि मी दुसरीकडं बघायचो.